जामीनदाराची सही

१९८० सालच्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. मी बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून नुकताच चिकटलो होतो. वय बावीस, पगार नवा, मतं भरपूर. मध्य मुंबईतल्या आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की वर्तमानपत्रही उघडायचं आणि ते शेवटच्या पानापासून वाचायचं, अशी रीत होती. एरवी चर्चा क्रिकेटची. त्या दिवशी मात्र मुष्टियुद्धाची एक बातमी आली होती. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात २५ नोव्हेंबरला शुगर रे लेनर्डशी लढताना पनामाचा जगज्जेता रॉबर्टो दुरान आठव्या फेरीत पाठ फिरवून, हात हलवून ‘पुरे’ म्हणाला होता. रक्त नाही, कुणी पाडलेला नाही. फेरी संपायला अवघे सोळा सेकंद उरलेले, आणि हा गडी निघाला!

डब्याभोवती एकच हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. ‘‘दगडी हातांचा म्हणे! काळीज मात्र मेणाचं निघालं,’’ हे वाक्य मीच टाकलं आणि त्यावर मीच खूश झालो.

आमचे हेड कॅशियर तेवढे हसले नाहीत. पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ. नाकाचं हाड किंचित डावीकडे सरकलेलं. वडिलांच्या रेल्वे कॉलनीत तरुणपणी तीन-चार वर्षं ते बॉक्सिंग खेळले होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

‘‘साहेब, तुम्ही कधी पोटात ठोसा खाल्लाय?’’

‘‘नाही बुवा.’’

‘‘मग आधी भाजी खा. गार होतेय.’’

तो वाद तिथं संपला नाही. पुढं कित्येक महिने पुरला. तेव्हा घरोघरी दूरचित्रवाणी नव्हती, आणि असती तरी त्यावर ही लढत दिसली नसती. आमचा सगळा आधार छापील मजकुराचा. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी अमेरिकन साप्ताहिकं रद्दीच्या भावात मिळत. दोन-तीन महिने शिळी असत, पण आम्हाला ती ताजीच. तिथल्या क्रीडालेखकांनी दुरानला सोलून काढलं होतं. शरण जाणं हा मुष्टियोद्ध्याचा अक्षम्य गुन्हा, असा एकूण सूर. माझ्यासारखे त्यांच्या बाजूनं, आणि कॅशियरसाहेब एकटे दुरानच्या. आम्ही दोघांनीही ती लढत पाहिलेली नव्हती. तरी वाद मात्र असा, जणू रिंगच्या दोरीला नाक लावून बसलो होतो.

आता त्या लढतीचा तपशील सांगतो, कारण हशात तो हरवला होता. त्याच वर्षी २० जूनला माँट्रिऑलमध्ये पंधरा फेऱ्यांत दुराननं याच लेनर्डला हरवून जगज्जेतेपद मिळवलं होतं. तोवरच्या कारकिर्दीत तो फक्त एकदा हरला होता. पनामाच्या गरीब वस्तीतून आलेला हा पोरगा राष्ट्राचा नायक झाला. मग मेजवान्या, मित्रमंडळी, वजन वाढलेलं. लेनर्डच्या गोटानं परतीची लढत पाच महिन्यांत ठरवली आणि दुराननं ती स्वीकारली. वजनाची मर्यादा १४७ पौंडांची. ते घाईघाईनं उतरवावं लागलं. वजनकाटा झाल्यावर त्यानं भरपूर खाल्लं आणि पोटात कळा आल्या, असं त्याच्या बाजूनं सांगण्यात आलं. रिंगमध्ये लेनर्डनं त्याला नुसतं खेळवलं. सातव्या फेरीत उजवा हात गोल-गोल फिरवून दाखवला आणि डाव्यानं तोंडावर टोला दिला. लोक हसले. पुढच्या फेरीत दुराननं पाठ फिरवली. ‘नो मास’, म्हणजे ‘आणखी नको’, हे शब्द त्याच्या नावावर कायमचे चिकटले. आपण ते उच्चारलेच नाहीत, असं तो पुढं सांगत राहिला. ऐकतो कोण?

आणि त्या क्षणी तिन्ही परीक्षकांच्या कागदावरचे गुण काय होते? दोघांकडे ६८-६६, तिसऱ्याकडे ६७-६६. लेनर्ड पुढे होता, पण एका-दोन गुणांनी. म्हणजे दुरान हरत आला म्हणून पळाला, असंही म्हणायला जागा नाही. मग का थांबला? पोट? अपमान? उबग? आजवर लोक यावर भांडतात. खरं उत्तर ज्या शरीराला ठाऊक होतं, त्या शरीरानं ‘पुरे’ म्हटलं, एवढंच आपल्याला नक्की माहीत आहे.

दोन वर्षं गेली. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनी या अमेरिकन जगज्जेत्याविरुद्ध किम डुक-कू नावाचा एक कोरियन तरुण उभा राहिला. अमेरिकेत त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. हॉटेलातल्या दिव्याच्या शेडवर त्यानं ‘जगेन किंवा मरेन’ अशा अर्थाचे शब्द लिहून ठेवले होते. तो मागे सरला नाही. तेरा फेऱ्या त्यानं ठोसे दिले, त्याहून अधिक खाल्ले. चौदाव्या फेरीच्या सुरुवातीलाच कोसळला, कसाबसा उठला आणि नंतर बेशुद्ध झाला. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, पण काही दिवसांतच तो गेला. या मृत्यूनंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेनं जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या केल्या. इतर संघटनांनी काही वर्षांनी तेच केलं.

कॅशियरसाहेबांनी ती बातमी माझ्या टेबलावर आणून ठेवली. ‘‘याला कुणी भित्रा म्हणणार नाही,’’ एवढंच म्हणाले आणि कॅश बंद करायला निघून गेले. मला वाटलं, म्हातारा जुना वाद उकरतोय.

त्या वर्षाचं आमच्या शाखेपुरतं मोठं दुःख वेगळं होतं. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. अडीच लाख कामगार बाहेर. गिरण्यांवर जगणारे छोटे-छोटे कारखानदारही हळूहळू सुकत चालले होते. आमचा एक कर्जदार काळाचौकीच्या एका गाळ्यात दोन लेथ यंत्रं टाकून मागाचे सुटे भाग करायचा. पावसाळ्यात तो माझ्यापुढं येऊन बसला. छत्री दाराशी टेकवली आणि म्हणाला, ‘‘साहेब, गाळा बंद करतो. यंत्रांना आज गिऱ्हाईक आहे. विकून तुमचं कर्ज फेडतो, उरेल त्यात गावी जातो.’’

मी त्याला दिलेलं भाषण मला आजही पाठ आहे. संप असा किती दिवस चालेल? गिरण्या काय कायमच्या बंद राहणार आहेत? धंद्यात चढउतार यायचेच. ऐन वेळी मैदान सोडतो तो कसला मराठी उद्योजक? मी त्याच्या हप्त्यांची मुदत वाढवण्याची आणि थोडं वाढीव कर्ज देण्याची शिफारस लिहिली. इंग्रजी छान लिहिलं होतं, मॅनेजरांनी कौतुकही केलं. प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर जामीनदार म्हणून त्याच्या मेहुण्यानं सही केली. पेन माझंच होतं.

तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गाळा दीड-दोन वर्षं तगला. १९८४ साली यंत्रं विकायला काढली तेव्हा तशीच यंत्रं विकणारे गल्लोगल्ली होते. भंगाराच्या भावाला ती गेली. बाईंचे दागिने आधीच मोडले होते. उरलेलं कर्ज मेहुण्यानं आपल्या प्रॉव्हिडंट फंडातून फेडलं. शेवटचा हप्ता भरायला तो आमच्या काउंटरवर आला, तेव्हा मी केबिनमध्ये होतो. बाहेर आलो नाही. पावती कॅशियरसाहेबांनी दिली. संध्याकाळी ते मला काही बोलले नाहीत. पण ‘याला कुणी भित्रा म्हणणार नाही’ हे वाक्य मला त्या दिवशी, दोन वर्षं उशिरा, ऐकू आलं.

बँकेत शिफारस करणारा आणि जामीन राहणारा, अशा दोन सह्या असतात. दोन्ही एकाच शाईच्या. एका सहीनं फार तर बदली होते, दुसरीनं घर जातं. क्रीडालेखकाचं मत आणि आपण चाहते घालतो ते वाद, या सगळ्या शिफारशीच्या सह्या आहेत. जामीनदाराच्या जागी खेळाडूचं शरीर असतं.

एवढं सांगितल्यावर वाचकांपैकी कुणी म्हणेल, मग काय लेखकांनी लिहूच नये? खेळाडूच्या निर्णयावर बोलायचा अधिकार फक्त ठोसे खाणाऱ्यांनाच? तसं मी म्हणणार नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं हे खरं. पण ज्याचं जळतं त्याला कधीकधी धूर दिसत नाही, हेही तितकंच खरं आहे.

महंमद अलीचंच पाहा. १९६४ साली सनी लिस्टनविरुद्ध तो उतरला तेव्हा ४६ पैकी ४३ क्रीडालेखकांनी लिस्टन जिंकणार असं सांगितलं होतं. जिंकला अली. १९६७ साली त्यानं व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. त्याच्या युद्धविरोधी भूमिकेवर रेड स्मिथसारख्या मातब्बर लेखकानंही आधीच आसूड ओढले होते. अलीनं त्या निर्णयाची किंमत स्वतः मोजली. जगज्जेतेपद गेलं, परवाना गेला, साडेतीन वर्षं रिंगबाहेर काढावी लागली. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याची शिक्षा एकमतानं रद्द केली. १९७४ साली किन्शासात जॉर्ज फोरमन त्याला चिरडून टाकील असं वाटत होतं, तेव्हाही जिंकला अलीच. अशा माणसाला लेखकांचं ऐकायचं काय कारण?

म्हणून १९८० साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यानं लॅरी होम्सशी लढायचं ठरवलं तेव्हा जे लेखक ‘नको, थांब’ म्हणत होते त्यांच्याकडे त्यानंही लक्ष दिलं नाही आणि चाहत्यांनीही नाही. त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको तर १९७७ सालीच, तो थांबत नाही म्हणून त्याचा गोट सोडून गेले होते. २ ऑक्टोबर १९८०, लास व्हेगास. होम्स हा एकेकाळचा त्याचाच सरावाचा जोडीदार. दहा फेऱ्या अलीनं निव्वळ मार खाल्ला. दहावी फेरी संपल्यावर प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. जिंकलेला होम्स रडला. तरी अली पुढच्या वर्षी डिसेंबरात बहामात ट्रेव्हर बर्बिकशी लढलाच, आणि हरला. १९८४ साली त्याच्या आजाराचं निदान जगासमोर आलं. २०१६ साली जाईपर्यंत त्याचे थरथरते हात आपण पाहत होतो.

तेव्हा ‘थांब’ म्हणणारे लेखकही रिंगबाहेरच बसलेले होते. त्यांचीही सही जामीनदाराची नव्हती. पण दोन्हींत फरक आहे. एक मत दुसऱ्याच्या शरीरातून आणखी थोडं काढून मागतं, दुसरं ते राखून ठेव म्हणतं. पहिलं मत चुकलं तर माणूस जातो. दुसरं चुकलं तर फार तर लेखकाचं हसं होतं.

तसं हसं झालंही. शुगर रे लेनर्डच्या डोळ्याचा पडदा सुटल्याचं १९८२ साली निघालं. शस्त्रक्रिया झाली आणि त्यानं निवृत्ती जाहीर केली. १९८४ साली एकदा परतला, पुन्हा थांबला. मग १९८७ साली त्यानं थेट मार्व्हिन हॅगलरशी, म्हणजे त्या काळच्या मिडलवेट गटातल्या सर्वांत भयंकर माणसाशी, लढायचं ठरवलं. पाच वर्षांत एकच लढत खेळलेला माणूस! डोळा जाईल म्हणून बहुतेकांनी धोक्याची घंटा वाजवली. ६ एप्रिल १९८७ रोजी तो बारा फेऱ्या नाचत लढला. तीन परीक्षकांपैकी दोघांनी त्याला विजयी ठरवलं. एकानं ११८-११० असे गुण दिले, त्यावरून अजून मारामाऱ्या होतात. हॅगलरच्या गोटानं जास्त पैसे घेऊन बाराच फेऱ्या आणि मोठी रिंग या लेनर्डच्या अटी मान्य केल्या होत्या, तिथंच तो हरला, असं म्हणणारेही पुष्कळ. हॅगलर पुन्हा कधी लढला नाही. तो इटलीला जाऊन सिनेमात काम करू लागला आणि २०२१ साली गेला.

लेनर्ड जिंकला म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारे मूर्ख ठरले का? चाहते तसंच म्हणतात. मला बँकेनं एक गोष्ट शिकवली. वसूल झालेलं प्रत्येक कर्ज चांगलं कर्ज नसतं. तारण नाही, कागद अपुरे, धंद्याचा पत्ता नाही, अशी कर्जंही कधीकधी नशिबानं फिटतात. म्हणून तपासणी अधिकारी त्यावर ‘उत्तम’ असा शेरा मारत नाही. आणि सगळं नीट पाहून दिलेलं कर्जही बुडतं, तेव्हा देणारा चोर ठरत नाही. निर्णय मोजायचा तो त्या दिवशी हातात काय माहिती होती त्यावर. आपण मात्र निकाल लागल्यावर मागे जाऊन धैर्य आणि भ्याडपणा वाटतो. जिंकला तर शूर, हरला तर हटवादी.

आता चाहत्यांची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर पुतण्या-भाचे मला घरात घेणार नाहीत. ३ मे २०१५. रविवारची सकाळ. अमेरिकेत शनिवारची रात्र. माझा भाचा टीव्हीला चिकटलेला. फ्लॉइड मेवेदर आणि फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाव यांची लढत. ही जोडी जमावी म्हणून जग २००९पासून वाट पाहत होतं. बोलणी फिसकटली ती रक्ताच्या चाचणीवरून, मग पैशावरून, मग आणखी कशावरून. लढत झाली तेव्हा एक अडतीस वर्षांचा, दुसरा छत्तीसचा. अमेरिकेत ४६ लाख घरांनी शंभर-शंभर डॉलर मोजून ती विकत घेतली. मेवेदर शांतपणे, हिशेबानं, अंगाला फारसं लावून न घेता जिंकला. भाचा संतापला.

‘‘मामा, हा भित्रा आहे. पाच वर्षं थांबला, समोरचा म्हातारा झाल्यावर लढला. आयुष्यभर सोयीचेच प्रतिस्पर्धी निवडले यानं!’’

त्याची तक्रार खोटी नव्हती. तिकिटाचे पैसे देणाऱ्याला उत्तम खेळ वेळेवर मागायचा हक्क आहे. लेखकांनीही मेवेदरला त्यावरून धारेवर धरलं, आणि ते त्यांचं कामच आहे. पेरणी पाच वर्षं लांबवली तर पीक कसं यायचं? मला विचाराल तर ती लढत २०१० साली व्हायला हवी होती. माझं हे मत मी शिफारशीच्या शाईनं इथं नोंदवतो. फक्त ‘भित्रा’ हा शब्द त्यात घालत नाही. मेवेदर पुढं २०१७ साली पन्नास लढती, पन्नास विजय असा हिशेब मांडून बाजूला झाला. ज्या धंद्यात अलीसारख्याची वाणी गेली, तिथं ठोसे चुकवणं हीच ज्यानं कला केली, त्याला मी काय म्हणू? सावध सावकार म्हणेन. कंटाळवाणा असेल. बुडाला मात्र नाही.

आणि दुरानचं काय झालं? ‘पुरे’ म्हटल्यावर मायदेशातसुद्धा त्याला तोंड लपवावं लागलं. पण १६ जून १९८३ रोजी, आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यानं डेव्ही मूर या जगज्जेत्याला आठव्याच फेरीत हरवलं. प्रेक्षकांनी त्याच्यासाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं. १९८९ साली, सदतिसाव्या वर्षी, त्यानं इरान बार्कलीला हरवून आणखी एक जगज्जेतेपद घेतलं. त्या रात्री न्यू ऑर्लिन्समध्ये तो थांबला नसता तर पुढं काय झालं असतं, कोण जाणे. थांबला म्हणून पुढं काही उरलं, एवढं मात्र दिसतं.

२००१ साली बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट होती. मीही अर्ज दिला. बेचाळीस वर्षांचा होतो. मनात दोन कादंबऱ्या अडकल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर, दुसऱ्यांच्या प्रस्तावांवर शेरे लिहिण्याचा उबग आला होता. ‘मैदान सोडलंस’ असं जवळच्या मित्रांनीही म्हटलं. मला राग आला नाही. मीच एकेकाळी ते वाक्य छत्री टेकवून बसलेल्या एका माणसाला ऐकवलं होतं. घरी बायकोनं मात्र एकच विचारलं, ‘‘हप्ते किती राहिलेत?’’ घराच्या कर्जावर तिची सही होती. तिला विचारायचा अधिकार होता.

मेवेदरच्या त्या रविवारी भाचा हट्टाला पेटला होता. ‘‘पण मामा, तुम्ही स्पष्ट सांगा. भित्रा की हुशार?’’

टेबलावर पानं वाढून झाली होती. मी त्याच्यापुढं वाटी सरकवली.

‘‘आधी भाजी खा,’’ म्हटलं. ‘‘गार होतेय.’’